आवाज आला की बोट वर करा

मी डॉक्टर झालो तेव्हा आईने सेलूतल्या आमच्या गल्लीत घरोघरी पेढे वाटले होते. पुढे मी कारखान्याचा डॉक्टर झालो, तेव्हा तिने बरेच दिवस ते कोणाला सांगितलंच नाही. शेजारच्या काकूंनी एकदा सरळच विचारलं, पोरगा कोणत्या दवाखान्यात लागला? मग आईला बोलावंच लागलं. "दवाखान्यात नाई, गिरणीत हाय. कोणी बिमार पडू नाई म्हणून त्याले पगार देतात."

काकू म्हणाल्या, "अन् पडलं बिमार, त मंग कोणाले बलावतात?"

या प्रश्नाचं नीट उत्तर मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही देता येत नाही. आजारी माणसाला बरं करणारा डॉक्टर सगळ्यांना दिसतो. जो आजार झालाच नाही त्याचं श्रेय मागायला गेलं तर लोक हसतात. आणि जो आजार माझ्या नाकासमोर होत होता तो मलाच दिसला नाही, त्याची ही हकिकत आहे.

वडील बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, सेवाग्रामला शिकताना आपली पुस्तकं मला देऊन टाकणारे वरच्या वर्गातले मित्र, मेसचे पैसे थकले तरी ताट वाढणाऱ्या बाई, अशा कितीतरी लोकांनी मला डॉक्टर केलं. या उपकारांचा माझ्यावर झालेला परिणाम असा की मी फार गंभीर डॉक्टर झालो. गिरणीत रुजू झालो तो टाय लावून. वर्ध्याचा मे महिना, पत्र्याचं छप्पर आणि गळ्यात टाय. कामगार मला औषध कंपनीचा विक्रेता समजून नमस्कार करायचे आणि "डॉक्टरसाहेब आले नाईत अजून" असं सांगून बाकावर बसवायचे. दोन-तीनदा मी बसलोही.

गिरणीचं नाव सांगत नाही. या गोष्टीत चूक गिरणीची नाही, माझी आहे.

तिथे सूत काततात आणि कापडही विणतात. कताईच्या खात्यात आवाज असतो, पण विणकामाच्या खात्यातला आवाज वेगळाच. मागांच्या रांगा, प्रत्येक माग आपटतोय, आणि सगळे मिळून जो गोंगाट होतो तो कानाने ऐकावा लागत नाही, बरगड्यांना कळतो. पहिल्या दिवशी मी तिथे उभा राहून कोणाला तरी नाव विचारलं, तर माझा आवाज मलाच आला नाही. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर तिथला आवाज कानाला खातो आहे असं समजावं.

खातो म्हणजे काय, ते मी कामगारांना धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवताचं उदाहरण देऊन सांगतो. कानाच्या फार आत, शंखासारख्या जागेत, केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. आवाज आला की ते तंतू हलतात आणि आपल्याला ऐकू येतं. धुऱ्यावरच्या गवतावरून एकदा चालून गेलं तर ते दबतं आणि रात्रीतून पुन्हा उभं राहतं. तसंच पाळी संपल्यावर कान बधिर होतात, गुणगुणतात, आणि सकाळी पुन्हा ठीक होतात. पण रोज त्याच जागेवरून चालत राहिलं की पायवाट पडते. मग कितीही पाऊस पडो, तिथे गवत येत नाही. ना दुखतं, ना रक्त येतं, म्हणून कोणी डॉक्टरकडे येत नाही. आणि आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. पाखरांचे, लहान मुलांचे, बायकांचे. बोलण्यातले स, श, थ, फ हे वर्ण त्याच पट्टीतले. त्यामुळे माणसाला कोणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते लागत नाही. आपला कान गेला असं त्याला वाटत नाही. लोकच आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तो म्हणतो.

हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. त्याच्या जोरावर मी गिरणीत कानांची मोहीम काढली.

मोहिमेची सुरुवात भाषणाने झाली. सुरक्षा सप्ताहात, खात्याच्या दारातच मांडव घालून. माझं बोलणं सगळ्यांना ऐकू जावं म्हणून गिरणीने लग्नातल्या डीजेवाल्याला बोलावलं होतं, आणि त्याने आपल्या धंद्याला जागून भोंगे लावले. मी "मोठ्या आवाजाचे दुष्परिणाम" असं म्हटलं आणि पहिल्या रांगेतल्या लोकांनी कानात बोटं घातली. मला वाटलं, विषय पोचला.

मग कानात घालायचे नारिंगी बोळे वाटले. मऊ स्पंजचे, दाबून आत सोडले की फुगून बसणारे. कोणी घालेना. कोणाला गरम होई, कोणाला चक्कर येई, कोणी म्हणे, कापसाच्या गिरणीत कापूसच घालतो ना मी कानात, वेगळं काय ते? कापसाने आवाज फारसा अडत नाही, हे मी समजावून सांगत राहिलो. तरी बोळे मात्र भराभर संपत होते. पुन्हा मागणी यायची, मी पुन्हा द्यायचो आणि मनात खूश व्हायचो. श्रावण संपला, पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्याकडे त्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून रांगेत उभे करतात आणि सुंदर बैलाला बक्षीस मिळतं. कामगार वसाहतीत परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. बघतो तर निम्म्या बैलांच्या शिंगांवर नारिंगी टोप्या. रंग इतका उठून दिसत होता की पहिलं बक्षीस मी त्यातल्याच एका बैलाला दिलं. बक्षीस देऊन झाल्यावर ते काय आहे हे माझ्या लक्षात आलं.

पण मी खचलो नाही, कारण माझ्याकडे कानांची तपासणी होती आणि तिचे निकाल फार उत्तम येत होते.

ही तपासणी दिसायला सोपी असते. माणसाने बंद खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे. डॉक्टर यंत्रावरून बारीक-मोठ्या पट्टीतले आवाज सोडतो, हळूहळू कमी करत नेतो. आवाज आला की बोट वर करायचं. कोणत्या पट्टीत किती कमी आवाज ऐकू येतो, त्यावरून कानाचा नकाशा निघतो. तपासणी पाळी सुरू व्हायच्या आधी, कानांना विश्रांती मिळालेली असताना करायची. आणि माणसाला असं बसवायचं की त्याला तपासणाऱ्याचा हात आणि तोंड दिसू नये. सरळ सांगायचं तर पाठमोरं.

पहिलं मी तंतोतंत पाळलं. दुसरं मात्र मला जमेना. तपासणीला येणारे बरेच जण माझ्या वडिलांच्या वयाचे. वडील आम्हाला लहानपणी बजावायचे की मोठ्या माणसाकडे पाठ करून बसू नये, आणि त्यालाही तसं बसवू नये, ती हाकलल्याची खूण असते. शिक्षण संपवून आलेला मी, वयाने मोठ्या माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवू? मी त्यातून माझ्या मते हुशारीचा मार्ग काढला. यंत्राभोवती पुठ्ठ्याचा उभा आडोसा केला, म्हणजे माझी बोटं दिसणार नाहीत. आणि त्यांना समोर, मानाने, खुर्चीवर बसवलं.

निकाल असा की खात्यातले जवळजवळ सगळे कान उत्तम. वीस-पंचवीस वर्षं मागांजवळ काढलेले कानसुद्धा कोवळ्या पोरासारखे. मॅनेजरसाहेब खूश. मला सुरक्षा सप्ताहात शाल आणि नारळ मिळाला. तो नारळ आईने देवापुढे फोडला आणि त्या दिवशी प्रथमच गल्लीत सांगितलं की माझा मुलगा गिरणीत डॉक्टर आहे.

आता देवरावांबद्दल सांगतो. देवराव विणकाम खात्यातले जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करणारे. खात्यात त्यांचा दरारा होता, तो आवाजाचा नव्हे. त्या गोंगाटात कोणाचाच आवाज चालत नाही. म्हणून विणकाम खात्यातले लोक आवाज न काढता बोलतात. ओठ ठळक हलवायचे, भुवयांनी, हनुवटीने, बोटांनी जोड द्यायची. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला भाजी कोणती आणली ते विचारतो आणि उत्तर घेतो. देवराव यात सगळ्यांचे गुरू. त्यांचा एक कडक नियम होता, जो खात्यात सगळेच पाळत. बोलायचं तर समोर येऊन बोलायचं. पाठ फिरवली म्हणजे बोलणं संपलं. एखाद्याने मुद्दाम पाठ फिरवली तर तो अपमान, आणि त्यावरून चहाच्या टपरीवर भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

माझ्या तपासणीत देवराव दरवर्षी पहिल्या नंबरात.

एका दुपारी त्यांच्या पत्नी, कौसल्याबाई, दवाखान्यात आल्या. हातात देवरावांचं कानांचं प्रमाणपत्र होतं. त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं होतं आणि वर दोरी बांधायला भोकही पाडलं होतं. घरात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेलं असायचं, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"हे तुमीच लिवून देलं का, डॉक्टरसाहेब?"

मी म्हटलं, हो, मीच.

"म्हणजे यायचे कान चांगले हायेत."

मी जरा अभिमानानेच सांगितलं की खात्यात सगळ्यांत चांगले.

बाई खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. संध्याकाळी देवराव घरी येतात, पलंगावर बसतात. या स्वयंपाक करता करता बोलतात. दिवसभराचं, शेजारचं, लेकीच्या फोनचं. देवराव हूं नाही की चूं नाही. पुन्हा विचारावं तर उठून बाहेर ओसरीत जाऊन बसतात. यांनी चिडून विचारलं की बहिरे झाले का, तर ते खिळ्यावरच्या कागदाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, माहे कान सरकारमान्य हायेत. होता होता बाईंनी बोलणं कमी केलं, आणि गेल्या दिवाळीपासून पार सोडलं. एका घरात दोघं, ताट वाढायचं, ताट उचलायचं. नागपूरला दिलेली लेक म्हणत होती, आई, तू माझ्याकडे ये कायमची.

"मले तुमच्याकडून एकच समजून घ्याचं हाय," त्या म्हणाल्या. "कान खराब असते त मी समजून घेतलं असतं. माणसाचं शरीर हाय. पण कान चांगले असून हे मले ऐकत नसतील, त मी तिथं कोणासाठी राहू? लेक संक्रांतीले घ्याले येऊन राह्यली. जाऊ का नाई जाऊ, ते तुमच्या या कागदावर हाय."

इथे एखाद्या डॉक्टरच्या मनात शंका आली असती. मी काय केलं? मी त्यांना संसाराविषयी सल्ला दिला. या वयात पुरुष जरा अबोल होतात, कामाचा थकवा असतो, तुम्ही थोडं प्रेमाने बोलून पाहा, असं म्हणालो. माझं लग्न होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "प्रेमानं बी बोलून पाह्यलं, साहेब. तेही नाई ऐकू गेलं."

आणि कागद पदराखाली घेऊन त्या गेल्या. हे वाक्य रोगनिदान म्हणून पुस्तकात छापावं असं होतं. मी ते घटस्फोटाचं प्रकरण समजून विसरून गेलो.

माझे डोळे उघडले ते घरी. मुलगी तेव्हा सात-आठ महिन्यांची होती आणि मी तिला वरणभात भरवत होतो. आमची ही शाळेत शिक्षिका आहे. ती वह्या तपासता तपासता माझ्याकडे बघून हसायला लागली. मी विचारलं, काय झालं?

"अहो, चमचा तिच्या तोंडाजवळ गेला की तुमचं तोंड आधी उघडतं. तिने घास घेतला की तुम्ही गिळता. भूक तिला लागली आहे की तुम्हाला?"

मी म्हटलं, असं काही नाही. पुढचा चमचा नेला आणि माझा जबडा आपोआप खाली गेला. तोंड बंद ठेवून भरवायचा प्रयत्न केला तर भुवया वर गेल्या. ती म्हणाली, "वर्गात कॉपी करणारी मुलं मला अशीच सापडतात. चेहरा थांबत नाही त्यांचा."

चमचा हातात धरून मी तसाच बसून राहिलो. वरणभात मुलीच्या झबल्यावर सांडला. मला माझा पुठ्ठा आठवला. त्या आडोशाच्या खाली माझी बोटं लपली होती. वर माझं तोंड होतं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, उघडं. आणि समोर कोण बसत होतं? ज्यांनी आयुष्यभर गोंगाटात माणसांचे चेहरे वाचून दिवस काढले ते.

दुसऱ्या दिवशी मी आमचे कंपाउंडर राऊत यांना नेहमीसारखं समोर बसवलं, हेडफोन लावले, आणि हेडफोनची वायर यंत्रातून काढून ठेवली. मग मी एकेक बटण दाबत गेलो. राऊतांनी दोन्ही कानांत, सगळ्या पट्ट्यांमध्ये, अगदी वटवाघळालाच ऐकू येईल इतक्या बारीक आवाजालाही बरोबर बोट वर केलं. मी सुटलेली वायर त्यांना दाखवली.

ते जराही ओशाळले नाहीत. "तुमच्या भुवया वर जातात ना, साहेब. सगळ्याइले मालूम हाय."

मी विचारलं, मग मला कोणी सांगितलं का नाही?

"आमाले वाटलं तपासणी अशीच राह्यते. अन् कोणी बोट वर नाई केलं, त तुमचं तोंड असं होऊन जाते." त्यांनी माझं तोंड करून दाखवलं. परीक्षेत नापास झालेल्या, चांगल्या घरच्या मुलाचं तोंड होतं ते. "पाहवत नाई, साहेब. लोकाइले वाटते, लेकरानं एवढी मेहनत केली, काऊन नाराज करावं?"

म्हणजे अख्ख्या खात्याने माझ्यावर दया म्हणून मला पास केलं होतं.

त्या आठवड्याच्या सुट्टीनंतर पाळी लागण्याआधी मी देवरावांना बोलावलं. खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली होती. ते दारातच थांबले.

"तुमच्याकडे पाठ करून बसू?"

मी म्हटलं, हो.

"बरं नाई वाटत, साहेब, ते."

"मलाही नाही वाटत," मी म्हणालो. "पण बसा."

ते बसले. मी त्यांच्या मानेकडे बघत सुरुवात केली. जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजांना बोट वर आलं, जरा सावकाश, पण आलं. मग मी वरच्या पट्टीत गेलो. बोट मांडीवरच राहिलं. आवाज वाढवला. बोट तिथेच. आणखी वाढवला. माझ्या भुवया वर जात होत्या, खाली येत होत्या, त्या बघायला तिथे कोणी नव्हतं. उजवा कान झाला, डावा झाला. मी यंत्र बंद केलं आणि कागदावर खुणा करायला घेतल्या. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालली आणि मग विहिरीत उतरावी तशी खाली गेली.

देवराव भिंतीकडे बघत शांत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "करा ना पुढचं सुरू, साहेब. मान अवघडून राह्यली."

मी उठून त्यांच्यासमोर गेलो. त्यांनी हेडफोन काढले आणि सवयीने आधी माझा चेहरा पाहिला. मला काही सांगावं लागलं नाही.

"नापास झालो का?"

मी खाली बसलो आणि सांगितलं, नापास तुम्ही नाही, मी. आधीचे सगळे कागद माझ्या तोंडाचे आहेत, तुमच्या कानांचे नाहीत. गवताची गोष्ट पुन्हा सांगितली. ते लक्ष देऊन माझे ओठ बघत होते. मला वाटलं आता ते जॉबरकीचं विचारतील, नोकरीचं विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे ते घरी बोलतच होती?"

"कोण?"

"कौसल्या. ओट्याकडे तोंड करून उभी राह्यते, माह्याकडे पाठ. मले वाटे, पाठ फिरवली म्हणजे इले आपल्याशी बोलाचं नाई. मंग मी बी उठून ओसरीत जाऊन बसो." त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले. "पाठमोरं कोणी बोलते का, साहेब?"

घरोघरी सगळेच बोलतात, मी म्हटलं. त्यांना ते खरंच नवीन होतं.

कौसल्याबाईंना मी निरोप पाठवून बोलावलं. त्या आल्या तेव्हा संक्रांत जवळ आली होती आणि ट्रंक भरून झाली होती, असं राऊत म्हणाले. मी नवा कागद टेबलावर ठेवला, जुन्या लॅमिनेट केलेल्या कागदाशेजारी, आणि दोघांनाही समोर बसवून सगळं सांगितलं. कोणते आवाज गेले, का गेले, ते परत येणार नाहीत, राहिलेले कसे वाचवायचे. माझ्या भुवयांसकट सांगितलं.

बाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणजे हे मले टाळत नव्हते."

"नाही."

"अन् मी एवढा राग धरून बसली, तो कोणावर धरला मंग?" त्यांनी जुना कागद उचलून माझ्यासमोर ठेवला. "तुमच्यावर धरू का?"

मी म्हटलं, धरा. आणि त्यांनी धरला. वर्षभराचं साठलेलं बोलणं माझ्यावर रिकामं केलं. शिकलेल्या माणसाने सही करताना काय बघावं, बायामाणसांना प्रेमाचे सल्ले देण्याआधी काय तपासावं, सगळं. मी मान खाली घालून ऐकत होतो. देवराव बाजूला बसून बायकोच्या ओठांकडे बघत होते. खूप दिवसांनी तिचं सगळं बोलणं त्यांना समजत होतं, आणि त्यातला एक शब्दही त्यांच्याविषयी नव्हता. ते हसायला लागले. बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या रडायला लागल्या.

मग मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. दरवर्षी सगळे पास होतात, यंदाच देवराव काऊन नापास, मशीन बिघडली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मशीन चांगली आहे, डॉक्टर बिघडला होता. सगळ्या खात्याची तपासणी पुन्हा केली, प्रत्येकाला भिंतीकडे तोंड करून. जे निकाल आले ते सांगायला मला आजही जड जातं. त्यातलं किती नुकसान मी टाय लावून, आडोशामागे बसून, भुवया उडवत असताना झालं असेल, याचा हिशेब करता येत नाही. वेळेवर कळलं असतं तर त्या पायवाटा इतक्या खोल पडल्या नसत्या.

मॅनेजरसाहेबांनी मात्र मनावर घेतलं, हे नोंदवायला हवं. मागांखाली रबर आलं, ढिले भाग वेळेवर बदलले जाऊ लागले, माणसांच्या जागा फिरत्या झाल्या. कानात घालायच्या बोळ्यांऐवजी कानांवर बसणारी टोपणं आली, जी कोणत्याच बैलाच्या शिंगांवर बसत नाहीत. नवी पोरं ती आवडीने लावतात. का, ते मला उशिरा कळलं. आत मोबाईलचे छोटे इअरफोन घालून गाणी ऐकतात. एकाच्या कानातलं काढून मी माझ्या कानाला लावलं, तर खात्यापेक्षा मोठा आवाज. ती माझी सध्याची लढाई आहे आणि तिच्यात मी हरतो आहे.

देवरावांना कापड तपासणीच्या खात्यात घेतलं. तिथे शांतता असते आणि डोळे चांगले लागतात. सुरुवातीचे काही दिवस ते रागात होते, जॉबर माणसाला बायकांच्या खात्यात बसवलं म्हणून. मग तिथल्या बायकांना त्यांनी आवाज न काढता बोलायला शिकवलं आणि त्यांचं मन रमलं. कानाचं यंत्र मिळालं, तेही ते लावतात, पण कुकरची शिट्टी झाली की काढून खिशात टाकतात.

कौसल्याबाई संक्रांतीला लेकीकडे गेल्या. आठ दिवसांनी तिळगूळ घेऊन परत आल्या.

मधे एकदा त्यांनी मला चहाला बोलावलं. गेलो. खिळ्यावर आता नुसतं कॅलेंडर होतं. मी पलंगावर देवरावांशेजारी बसलो. कौसल्याबाई ओट्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून चहा करत होत्या. ओट्याच्या वर भिंतीवर एक आरसा लावलेला होता. न्हाव्याच्या दुकानात असतो तसा, लाकडी चौकटीचा. वाफेने धूसर झाला की त्या पदराने पुसायच्या.

आरशात त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. देवरावांनी बोटाने काहीतरी केलं. पुन्हा ओठ हलले, जरा लांबलचक, आणि त्यांनी हनुवटी माझ्या दिशेने उडवली. देवरावांच्या मिशीत हसू आलं. माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत, दरवर्षी तपासून घेतो, पाठमोरा बसून. पण त्या खोलीत काय चाललंय हे मला एकट्यालाच कळत नव्हतं. मी एकदा आरशाकडे, एकदा देवरावांकडे बघत राहिलो.

शेवटी न राहवून विचारलं, काय म्हणताहेत त्या?

"काई नाई, साहेब," देवराव म्हणाले. "ते म्हणते, यायच्या भुवया अजून बी तशाच हायेत."

मी चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला. ते बघून दोघंही हसले. तेवढं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.